मुद्देमालातलं गाणं

आष्टा,
१२ एप्रिल १९९७

साक्षी,
जयभीम.

तू मुंबईला गेल्यापासून तुला पत्र लिहिलं नाही, आणि आताही लिहिणार नव्हते. एकच गोष्ट विचारायची आहे. तिचं उत्तर दे, मग पाहिजे तर पुन्हा गप्प बस.

परवा दुपारी आपल्या दुकानासमोर पोलिसांची जीप थांबली. आतून एक फौजदार उतरला, दोन शिपाई उतरले आणि मागून इस्त्रीच्या शर्टातला मुंबईचा एक माणूस उतरला. त्याच्या हातात तुझी कॅसेट होती. मधुवेल ऑडिओची. वर तुझा फोटो आहे ना, पिवळ्या साडीतला, तीच. त्यानं ती काउंटरवर ठेवली आणि मला म्हणाला, "ही गाणी आमच्या कंपनीची आहेत. तुम्ही ती चोरून विकताय."

ज्या माणसानं ती गाणी रचली आणि चाळीस गावांत उभं राहून गायली, तो माणूस तेव्हा दुकानातल्या बाकावर बसलेला होता. तुझा मामा, माझे आण्णा. त्यांनी नुसतं वर बघितलं.

जयंतीसाठी केलेला सगळा माल खोक्यांत भरून तयार होता. कडेगावपासून शिराळ्यापर्यंतची मंडळं न्यायला येणार होती. सगळी खोकी उचलली. कॉपी करायचं मशीन उचललं. लेबलांचे गठ्ठे उचलले, कारण त्यावरचं दिव्याचं चित्रसुद्धा त्यांचंच आहे म्हणे. 'उजेड' हे नाव त्यांनी रजिस्टर केलंय. आपल्या दुकानाचं नाव, आण्णांनी ठेवलेलं, आणि मी त्याची नक्कल केली असा माझ्यावर आरोप आहे. पंचनाम्याला पंच म्हणून समोरच्या सायकलवाल्या बिराप्पाला बोलावलं. त्यानं सही केली. "ताई, मला म्हाईत न्हाई ह्यातलं," एवढंच तो म्हणत राहिला.

आता प्रश्न. ही गाणी आण्णांची आहेत, हे तू त्या कंपनीला सांगितलं होतंस का? हो की नाही, एवढंच लिही.

आण्णा बरे आहेत. आवाज जरा बसलाय.

नीलिमा कांबळे


आष्टा,
२३ एप्रिल १९९७

साक्षी,

तुझं उत्तर नाही. पत्ता बरोबर आहे, कारण तो मी तुझ्याच कॅसेटच्या मागून नाही, पोस्टमन नाथाजीकडून घेतला. दिवाळीला तू शेजारच्या आक्काताईला भेटकार्ड पाठवलं होतंस म्हणे. आम्हाला नाही, पण आक्काताईला.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. दुकान माझ्या नावावर आहे, म्हणून जीपमध्ये खोक्यांबरोबर मलाही बसवलं. भर पेठेतून. बाजाराचा दिवस होता. मी मान खाली घातली नाही, पण वर बघून कुणाला ओळखही दिली नाही. ठाण्यात पोचतेय तोवर मागून आक्काताई आली. तुला माहीत आहे ती चालायला लागली की कशी चालते. तिच्यामागे आपल्या गल्लीतल्या सगळ्या बायका. पायऱ्यांवर फतकल मारून बसल्या. फौजदार म्हणाला, "आजी, घरी जा, कायद्याचं काम चाललंय." ती म्हणाली, "चालू द्या की. आमी काय म्हनतोय का? आमची पोरगी बाहेर आली की आमी जातो." दिवे लागायच्या वेळेला मला जामिनावर सोडलं. बायका उठल्या, पदर झटकले आणि मला मधे घेऊन घरी आणलं.

जयंतीची मिरवणूक निघाली. पण ट्रकवरचा कर्णा मुका होता. गेल्या नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. पोरं विचारत होती, "नीलाताई, आण्णांची कॅसेट का लावंना?" मी म्हटलं, मशीन बिघडलंय.

वकील मिळालाय. सांगलीचे जवाहर चौगुले. जैनांच्यातले, वडिलांची हळदीची पेढी आहे, पण हे कोर्टातच रमलेले. जाडजूड माणूस, तोंडात कायम वेलदोडा, आवाज इतका मऊ की पुढं वाकून ऐकावं लागतं. सगळे कागद बघून म्हणाले, "बाई, जप्त केलेला माल परत मागायचा अर्ज पंधरा दिवसांच्या आत करायचा असतो. आणि तुम्ही आता येताय? इतके दिवस काय केलंत?"

"एक पत्र लिहिलं."

"कुणाला?"

"विरोधी पार्टीच्या गायिकेला."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंत. पण वकील मी आहे, हे लक्षात असू द्या." त्याच दिवशी अर्ज गेला.

खोक्यांबरोबर मूळ कॅसेटही गेली आहे. विहारात आपण सगळ्यांनी बसून रेकॉर्ड केली होती, ती.

नीलिमा


आष्टा,
१० मे १९९७

साक्षी,

तुझं कार्ड मिळालं. "मी फक्त गाते. लेबलवर काय छापायचं ते कंपनी ठरवते. मला यात ओढू नका. मामांना नमस्कार."

मुंबईत एवढं शुद्ध लिहायला शिकलीस, त्याचं कौतुक वाटलं. तू सहा वर्षांची असताना आत्या वारली आणि तू आमच्या घरी आलीस, तेव्हापासून तू आणि मी एका ताटात जेवलो. तुला कोण ओढणार? तू स्वतःच जाऊन त्या कॅसेटवर उभी राहिलीस.

आता मीही खरं लिहिते. आण्णांनी बजावलं होतं की तुला कळवायचं नाही, म्हणून "आवाज बसलाय" असं लिहिलं होतं. आवाज बसलेला नाही. आवाज गेला. दिवाळीच्या आधी मिरजेला गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव पाहिजे की आवाज, एकच वाचेल. आण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला काय पायजे?" मी म्हटलं, "तुमी पायजे." ते त्यांचं शेवटचं बोलणं नव्हे, पण मला आठवणारं शेवटचं तेवढंच. आता गळ्याला भोक आहे, वर पांढरं फडकं बांधतात. बोलायचं असेल ते पाटीवर लिहितात. पोरांची असते तसली साधी पाटी.

म्हणून ती मूळ कॅसेट. लोकांच्या घरी जुन्या प्रती आहेत, पण त्या ऐकून ऐकून अशा घासल्यात की नुसती घरघर येते. तुझ्या मामाचा धड आवाज आता एकाच ठिकाणी आहे, आणि त्याच्यावर लाखेचं सील मारून तो ठाण्याच्या मागच्या खोलीत ठेवलाय. मुद्देमाल म्हणतात त्याला.

तुझं कार्ड मी रागानं त्यांच्यासमोर वाचलं आणि फाडणार होते. त्यांनी हात धरला. पाटीवर लिहिलं, "नमस्कार लिवलाय तिनं. परत वाच."

मी परत वाचलं. मला तरी त्यात काही वेगळं दिसलं नाही.

नीलिमा


आष्टा,
२० जून १९९७

साक्षे,

काल तालुक्याच्या कोर्टात तारीख झाली. तुला कळवायची गरज नव्हती, पण झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही, आणि इथं ज्यांना सांगायचं ते सगळे तिथंच होते.

आक्काताईनं दोन टेम्पो भरून बायका आणल्या होत्या. कोर्टाच्या खोलीत मावेनात म्हणून खिडक्यांतून डोकी. आण्णा मागच्या बाकावर, धुतलेला सदरा, गळ्याला फडकं. कंपनीचा तो मॅनेजर पुढं, त्याच्या बाजूला मुंबईचा वकील.

आमचे जवाहर साहेब उठले. वेलदोडा गालात सरकवला आणि मऊ आवाजात मॅनेजरला विचारलं, "तुमच्या कॅसेटवर गीतकाराच्या जागी काय छापलंय?"

"पारंपरिक."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जुनं. लोकांचं. कुणा एकाचं नाही."

"लोकांचं आहे, तर मग ते तुमच्या एकट्याचं कसं झालं?"

मॅनेजर म्हणाला, "संगीत आमचं आहे. रेकॉर्डिंग आमचं आहे."

"असेल. जप्त केलेल्या कॅसेटींवर कुणाचा आवाज आहे? तुमच्या गायिकेचा?"

"नाही. कुणा पुरुषाचा आहे. मधे एक कडवं कुणा शाळकरी पोरीचं."

"म्हणजे तुमचं रेकॉर्डिंग यांनी विकलेलं नाही."

मॅनेजरनं आपल्या वकिलाकडे बघितलं. मग पवित्रा बदलला. म्हणाला, "शब्दांवर आमच्या माणसांनी काम केलंय. शेवटचं कडवं तर पूर्ण आमचं आहे."

"अस्सं? मग पारंपरिक नाही म्हणायचं."

"ते... शेवटचं कडवं नाही."

जवाहर साहेबांनी कंपनीच्या कॅसेटमधला छापील कागद उलगडला. नुसता वाचून दाखवतील असं मला वाटलं. साक्षे, ते गायला लागले! तुला हसू येईल. त्या माणसाला सूर म्हणजे काय ते जन्मात कळलेलं नाही. पण चाल आपलीच होती, ती कुणालाही ओळखू येते.

"अक्षर अक्षर गिरवीत उठली गावोगावची सभा,
पाटीवरती रेघ ओढतो..."

आणि ते थांबले. मुद्दाम थांबले की श्वासाला थांबले, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. पण तेवढ्यात खिडक्यांतून, दारातून, बाकांवरून सगळ्या बायका एका दमात म्हणाल्या,

"आष्टेकर केरबा!"

आण्णांचं नाव! खोली हादरली. बाहेर झाडाखाली बसलेले दुसऱ्या केसचे पक्षकार उठून बघायला आले. मॅजिस्ट्रेट साहेबांनी टेबलावर हात आपटला, "हे कोर्ट आहे! पुन्हा आवाज आला तर सगळ्यांना बाहेर काढीन." बायका पदर तोंडाला लावून गप्प. पण साहेबांनी लगेच खाली बघून कागद चाळले, आणि मला त्यांच्या मिशा हललेल्या दिसल्या.

जवाहर साहेब म्हणाले, "कागदावर छापलंय, 'आपुला भाऊराया'. सभा आणि भाऊराया. कोर्टानं यमक कुठं जुळतंय का बघावं."

मुंबईचा वकील उठला. यमकावर निकाल देता येत नाही, म्हणाला. गर्दी पढवून आणलीय, म्हणाला. आण्णांना उभं केलं तर तो म्हणाला, हे आरोपीचे वडील, हे आपल्या फायद्याचंच सांगणार. आण्णा पाटी हातात धरून उभे होते. तिच्यावर एकच शब्द होता, "माझं." ते तसेच उभे राहिले आणि सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

मॅजिस्ट्रेट साहेब शेवटी म्हणाले, "यांचं म्हणणं मी लिहून घेतो. गर्दीनं म्हटलेलं लिहून घेता येत नाही. मूळ ओळ काय होती आणि ती कुणी बदलली, हे शपथेवर सांगणारं तिसरं कुणी आहे का?"

खिडक्यांतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. प्रत्येकाला माहीत होतं की कोण आहे.

पुढची तारीख जुलैत आहे. आता कळलं ना हे पत्र का लिहिलं?

नीलाक्का


आष्टा,
२ जुलै १९९७

साक्षे,

जवाहर साहेब म्हणतात, तुला समन्स काढता येईल. कागदही तयार केला होता. मी तो घेऊन आण्णांकडे गेले. त्यांनी वाचला, बाजूला ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "न्हाई."

मी भांडले. "आवं आण्णा, तिच्याबिगर आपुन हरतोय. तुमचा आवाज त्या खोलीत भिजून जाईल. छत गळतंय तिथलं, हवालदारानंच सांगितलंय मला."

त्यांनी पुसलं आणि परत लिहिलं, "धरून आनलेली गात न्हाई."

मग आणखी पुसलं आणि आणखी लिहिलं. त्यांना लिहायला वेळ लागतो, मी उभी राहिले. लिहिलं होतं, "जाताना मी तिला म्हनलं, गानी आपल्या गल्लीची हायत, इचारून गा. तिला वाटलं मी इस्वास ठिवला न्हाई. तिला सांग, इस्वास व्हता. भ्याव वाटलं व्हतं."

भीती कसली, ते लिहायला पाटीवर जागा उरली नाही, आणि मीही विचारलं नाही. पोरगी लांब चालली होती. एवढंच असेल.

समन्स निघणार नाही. तारीख अठरा जुलै, सकाळी. मी तुला ये म्हणत नाही. मामांचा निरोप तेवढा पोचवते.

नीलाक्का


आष्टा,
२० ऑगस्ट १९९७

लाडके साक्षे,

तू त्या दिवशी साक्ष दिलीस आणि आमच्याकडे न बघता तशीच एसटी स्टँडवर गेलीस. मी धावत आले तोवर गाडी निघाली होती. म्हणून तुला पुष्कळ गोष्टी माहीत नाहीत. सगळ्या लिहिते, पत्र लांबेल.

आधी तुझी पाठ होती तिकडचं. तू आत आलीस तेव्हा आक्काताईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं होतं. कारकुनानं विचारलं, "नाव?" तू म्हणालीस, "साक्षी." तो म्हणाला, "बाई, साक्षीला आलाय ते दिसतंय, नाव सांगा." सगळे हसले, मॅनेजरसुद्धा हसला. तू नाही हसलीस. त्यानंतर मॅनेजर हसला नाही.

तू म्हणालीस, "हे गाणं मी मामांकडून शिकले. शेवटच्या ओळीत त्यांचं नाव आहे. ते नाव काढायला कंपनीनं सांगितलं. मी विचारलं होतं, का? तर म्हणाले, त्या नावाला मुंबईत कोण ओळखतं? मी बदलून गायले." मुंबईच्या वकिलानं तुला विचारलं, हे बोलल्यावर तुमचं त्या कंपनीत काय होईल याची कल्पना आहे का? तू म्हणालीस, "आहे." आणि 'उजेड' नावाचं विचारलं तेव्हा म्हणालीस, "ते माझ्या मामांच्या दुकानाचं नाव आहे. कॅसेटसाठी चांगलं नाव सुचव म्हणाले, मला तेच एक चांगलं नाव माहीत होतं."

मग साहेबांनी मूळ ओळ म्हणायला सांगितली. तू नुसती म्हणायला गेलीस, पण तिसऱ्या शब्दाला तुझा आवाज आपोआप चालीत शिरला. त्या वेळी तुझ्या मागे आण्णांची बोटं पाटीवर ठेका धरत होती. हळू, नखांनी. तू 'केरबा' म्हणालीस, तेव्हा त्यांनी समेवर थाप दिली, आणि कोर्टातल्या कुणीही त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.

निकाल तुला पेपरातून कळला असेल. माल परत, मशीन परत, लेबलं परत. तक्रारीत तथ्य दिसत नाही, असं साहेबांनी स्पष्ट लिहिलं. पण पेपरात हे नव्हतं: माल आणायला मी एकटी जाणार होते. निघाले तर बिराप्पा सायकल घेऊन उभा. "सही माझी हाय न्हवं पंचनाम्याला? मग आनायलाबी मीच येनार." त्याच्यामागे मंडळाची पोरं, आक्काताई, आणि वर हलगी. मी म्हटलं, "आगं आक्काताई, हलगी कशाला?" ती म्हणाली, "नेताना जीप व्हती. आनताना हलगी नको?" ज्या पेठेतून मला नेलं होतं, त्याच पेठेतून आम्ही खोकी डोक्यावर घेऊन वाजत आलो. दुकानदार फळ्यांवर येऊन उभे राहिले. किराणावाल्या भाऊसोनं माझ्या अंगावर मूठभर चुरमुरे उधळले, दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणाला. या खेपेला मी एकेकाकडे बघून ओळख दिली.

खोकी उघडली तर निम्म्या कॅसेटी बुरशीनं गेलेल्या. मूळ कॅसेट सगळ्यात तळाला. तिच्याही कडेला पांढरं आलं होतं. मी दिवसभर बसून कापसानं फीत पुसली, पेन्सिलीनं हळूहळू फिरवली. लावली तेव्हा आण्णा समोर बसले होते. आधी खरखर, मग तुझं खोकणं, तू पंधरा वर्षांची, मग आण्णांचा आवाज. भरदार. खोलीतली भांडी वाजावीत असा.

मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी जमिनीकडे बघत होते. गाणं संपलं. पाटीचा आवाज आला. वाटलं, काय लिहिलं असेल. लिहिलं होतं, "दुसऱ्या कडव्यात घाई केली."

मी इतकी हसले, साक्षे, इतकी हसले की रडू आलं ते मला कळलंच नाही. तेही हसले. त्यांचं हसणं आता नुसता वारा असतो, पण खांदे हलतात.

गेल्या आठवड्यात तो मॅनेजर आला. खरंच. गाडी घेऊन, दुकानात. कंपनीला कॅसेट परत काढायची आहे, गीतकार म्हणून आण्णांचं नाव घालून, रीतसर परवानगी घेऊन. फार गोड बोलत होता. आण्णांनी त्याला बाकावर बसवलं, माझ्याकडून चहा मागवला. मग पाटीवर लिहून त्याच्यापुढं धरलं, "शेवटचं कडवं म्हना." तो कसंनुसं हसला. आण्णा हसले नाहीत. चहा निवत होता. शेवटी त्यानं म्हटलं, दबक्या आवाजात. आण्णांनी कानाला हात लावला, ऐकू आलं नाही म्हणून. त्यानं मोठ्यानं म्हटलं. समोरून बिराप्पा टायरातली हवा सोडून ऐकायला उभा राहिला. तिसऱ्यांदा त्यानं 'आष्टेकर केरबा' असं म्हटलं की तो चांगला गाऊ शकतो, असं मला वाटून गेलं. मग आण्णांनी लिहिलं, "आता चा प्या." आणि खाली आपली अट लिहिली: कॅसेट काढायची तर गाणार साक्षीच, आणि रेकॉर्डिंग आष्ट्यात.

तुझी रेकॉर्डिंगं कंपनीनं बंद केली होती, हे मला जवाहर साहेबांकडून कळलं. तू लिहिलं नाहीस. कुठल्याशा शिकवणीत पोरांना गाणं शिकवून दिवस काढतेस म्हणे. ते कळलं त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. म्हणून ही अट. मॅनेजर हो म्हणून गेलाय. तू हो म्हणतेस की नाही ते तुझं तू ठरव. आता तुला विचारल्याशिवाय कुणी काही करायचं नाही, असं या घरात ठरलंय.

आता परवाचं. परवा पौर्णिमा होती. विहारात सगळी गल्ली जमली. आण्णांना पुढं बसवलं, कर्णा लावला, मूळ कॅसेट लावली. कडेगावहून माणसं आली होती. आण्णांचा आवाज पार बाजारतळापर्यंत गेला असेल. लोक टाळ्यांनी ठेका धरत होते, म्हातारी माणसं डोळे मिटून डोलत होती. पहिलं कडवं झालं, घाईचं दुसरं कडवं झालं, आणि तिसरं सुरू होणार तेवढ्यात लाइट गेली.

कर्णा बंद. अंधार. आणि तुला माहीत आहे, कॅसेटवर तिसरं कडवं आण्णांच्या आवाजात नाही, तुझ्या आवाजात आहे.

टाळ्या थांबल्या नाहीत. ठेका चालू होता, पण म्हणायला कुणी पुढं येईना. ते तुझंच कडवं, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. अंधारात आण्णांनी माझा हात धरला आणि वर उचलला. गाणाऱ्याला सुरू कर म्हणून खूण करतात ना, तसा. मला! मी जन्मभर मशीनची बटणं दाबली. कोरसमध्येसुद्धा तू मला ओठ हलव, आवाज काढू नको म्हणायचीस.

मी म्हटलं.

"आई माझी अंगठा लावी, मी करीन सही,
तिच्या नावानं उघडीन मी पहिली माझी वही."

कुठल्या पट्टीत म्हटलं, कुणास ठाऊक. पण थांबले नाही, आणि दुसऱ्या ओळीला सगळी गल्ली माझ्या बरोबर आली. शेवटच्या कडव्याला तर विहाराबाहेर रस्त्यावर थांबलेली माणसंही म्हणत होती. लाइट नव्हती, मशीन नव्हतं, कॅसेट नव्हती, आणि आण्णांचं नाव मात्र गावभर घुमलं. लाइट आली तेव्हा गाणं संपून गेलं होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "कसं म्हनलं मी?"

त्यांनी पाटी घेतली, खूप वेळ विचार केला आणि लिहिलं, "साक्षीला बोलव."

तर ये, साक्षे. तुझं कडवं तू येऊन म्हण. मला ते झेपत नाही.

तुझी,
नीलाक्का